वाटाणे सोलण्याची खुर्ची

माझे नाव वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे. ओळखीचे लोक मला टीचर म्हणतात, पुढे तेच लिहिले तरी चालेल. वय सहासष्ट वर्षे. धंदा सध्या काही नाही; पूर्वी मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेत लहान वर्गांना शिकवत होते, त्याआधी त्याच शाळेत शिकत होते. राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, पहिला मजला, डावीकडचे घर. धर्माच्या रकान्यात काही लिहू नये असे मी सांगितले. रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकत नाही असे हवालदारांचे म्हणणे पडले, म्हणून त्यांनी तिथे एक टिंब दिले. टिंबाला माझी हरकत नाही.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, ज्या खुर्चीच्या चोरीबद्दल माझ्याविरुद्ध अर्ज आला आहे ती खुर्ची माझ्या स्वयंपाकघरातली आहे. ती मी चोरली नाही. ती मी घरी नेत होते.

माझे यजमान नगरपालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयात खिडकीवर बसत. चार वर्षांपूर्वी वारले. त्यांचा देवावर विश्वास नव्हता आणि त्याचा त्यांनी कधी गवगवा केला नाही. माझाही नाही. त्यांच्या कार्यालयात एक नवे साहेब आले, त्यांनी खिडकीच्या वर आपल्या श्रद्धेची एक मोठी तसबीर लावली आणि सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय खिडकी उघडायची नाही असा नियम केला. बाहेर लोक तक्रारी घेऊन ताटकळत. यजमानांनी तसबीर उतरवली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळली आणि संध्याकाळी साहेबांच्या घरी नेऊन दिली. म्हणाले, "साहेब, तुमच्या दिवाणखान्यात शोभेल. खिडकी सगळ्यांची आहे." त्याबद्दल त्यांच्यावर याच ठाण्यात अर्ज झाला होता, भावना दुखावल्याचा. ते बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मी डबा घेऊन आले होते. पुढे काही सिद्ध झाले नाही, पण त्यांची बढती त्या तसबिरीबरोबर जी गुंडाळली गेली ती कायमची. ते जुने कागद ठाण्यात असतील तर आजच्या अर्जाशेजारी ठेवून पाहावेत. सही सोडून दोन्हींत फारसा फरक सापडणार नाही.

त्यानंतर त्यांनी बाजारातल्या दुकानांच्या वरची एक खोली नगरपालिकेकडून वाचनालयासाठी मिळवली. तिचे नाव मोकळी खोली. कुणीही यावे, वाचावे, बुद्धिबळ खेळावे, भांडावे. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवले होते: 'इथे कुणी कुणापुढे वाकायचे नाही. पडलेले पुस्तक उचलायचे असेल तर वाका.' तिथे नेमाने येणाऱ्यांत आमच्या शाळेचे फादर होते. पांढरा झगा घालून यायचे, देव आहे यावर तासभर बोलायचे, बुद्धिबळात हरायचे आणि उद्या येतो म्हणून जायचे. एखाद्याने कुरकुर केली तर यजमान म्हणत, "धर्म कारभारातून बाहेर काढायचाय. माणसाला खोलीतून बाहेर काढा असं मी कधी म्हटलं?"

मोकळी खोली चालवणाऱ्या मंडळाचे सध्याचे चिटणीस, म्हणजे अर्जदार, यांचे चष्म्याचे दुकान आहे. ते विशीत असताना मोकळ्या खोलीत येऊ लागले. आमच्याकडे जेवायला असत. त्यांना भात मऊ लागतो हे मला अजून आठवते. यजमानांना सर म्हणत, मला वहिनी म्हणतात.

आता खुर्चीबद्दल. विचारल्यावरून सांगते की, ती खुर्ची आमच्याकडे शाळेतून आली. शाळेच्या प्रार्थनाघराच्या कोपऱ्यात ती असे. शुक्रवारी फादर तिच्यावर बसत, मध्ये जाळीची लाकडी आडभिंत, आणि मुली पलीकडे गुडघे टेकून आपापली पापे सांगत. माझ्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्या घरांतल्या मुलींना ते सक्तीचे नव्हते. पण त्या रांगेत उभे राहिले की गणिताचा तास बुडायचा, म्हणून मी उभी राहत असे. पापे आदल्या रात्री तयार करून ठेवावी लागत. एकदा मी सांगितले की मी एका म्हाताऱ्या बाईचे गलबत लुटले. फादर तेव्हा तिशीचेही नव्हते. जाळीपलीकडे खुर्ची करकरली. मग म्हणाले, "गलबत परत कर आणि जाऊन गणितं सोडव." प्रार्थनाघरात मेणाचा, लाकडाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास असे. ते कधीच पाडले. सामान काढले तेव्हा सिस्टरांनी शिक्षिकांना विचारले, कुणाला काय हवे. कुणी दिवे घेतले, कुणी कपाट. मी खुर्ची मागितली.

हवालदारांनी विचारले, हे सगळे लिहायचे का. लिहावे. खुर्चीची मालकी विचारली आहे, ती इथूनच सुरू होते.

यजमान त्या खुर्चीवर बेहद्द खूश होते. आल्यागेल्याला सांगत, "हिनं आमच्या बायकोची सगळी पापं ऐकली आहेत, तरी अजून पाय मोडला नाही." सुताराने वेत नव्याने विणताना तळाची खूण खरवडून टाकू का असे विचारले तर म्हणाले, "राहू दे. खुर्चीचा काय दोष?" तिचा डावीकडचा मागचा पाय आखूड आहे. त्याला त्यांनी नळाचा एक चामडी वॉशर खिळ्याने ठोकून बसवला. खिडकीजवळ ठेवून रोज संध्याकाळी तिच्यावर बसत, मांडीवर परात घेऊन वाटाणे सोलत आणि मला वर्तमानपत्रातल्या बातम्या सांगत. वाटाण्याचा हंगाम नसेल तेव्हा लसूण. आमची मुलगी त्या खुर्चीचा पाय धरून उभी राहायला शिकली. फरशीवर चार पायांच्या खुणा आहेत, तीन चौकोनी आणि एक गोल. पाहणी करायची असेल तर घर उघडे आहे.

यजमान गेल्यावर चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, एका रविवारपुरती सरांची खुर्ची द्या. शोकसभेत व्यासपीठावर रिकामी ठेवतो. लोकांना बरं वाटेल." मी दिली. रडतही होता तो, खोटे कशाला सांगू. (चिटणिसांना मी अरे-तुरे करते, जबाबात अहो-जाहो लिहावे.)

तो रविवार अजून संपलेला नाही.

मी मधून मधून मोकळ्या खोलीत जात होते. तिथे जे पाहिले ते विचारल्यावरून सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्चीखाली लाकडी चौथरा आला होता. नंतर भोवती लाल दोरी आली. मग वर एक दिवा आला, तो दिवसाही विझवत नाहीत. नंतर पितळेची पाटी आली, 'संस्थापक-आसन'. पाटी इतकी खाली लावली आहे की वाचायला वाकावेच लागते. दारावरचा मजकूर मात्र 'जुना दिसतो' म्हणून रंगाखाली गेला. गालिचा खराब होतो म्हणून चपला बाहेर काढायच्या. बुद्धिबळाचे पट शांतता भंग होते म्हणून माळ्यावर टाकले.

रविवारी सकाळी सगळे उभे राहून 'सरांची वचने' एका सुरात म्हणतात. मी ऐकली आहेत. त्यातले चौथे वचन असे: 'शंका आली की आधी वास घ्यावा.' यावर चिटणिसांनी मोठे भाष्य लिहिले आहे, इंद्रियांचा पुरावा आणि चिकित्सेची पहिली पायरी वगैरे. हे वाक्य यजमान दुधाबद्दल म्हणाले होते. आमच्या ओट्यापाशी. चिटणीस तेव्हा तिथेच बसून चहाची वाट पाहत होते. सहावे वचन 'चाखल्याशिवाय मीठ वाढवू नये' हे आहे. तेही मलाच उद्देशून होते आणि तेव्हा मी त्यांना काय उत्तर दिले ते वचनांत घेतलेले नाही.

फादरांना त्या खोलीत यायला बंदी झाली. धर्माच्या पोशाखात प्रवेश नाही, असा ठराव. फादर साधा स्वेटर घालून आले तर म्हणाले, पोशाख मनात असतो. यावर फादर मला म्हणाले, "टीचर, हे वाक्य मी प्रवचनात वापरू का?" हसत म्हणाले. मग बाजारातून जाताना ते खोलीकडे वर पाहायचे बंद झाले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत.

मी खुर्ची परत मागितली. एकदा नव्हे. चिटणीस म्हणाले, "वहिनी, ती आता तुमची-आमची राहिली नाही. ती विचाराची आहे." मी विचारले, "विचार बसतो का तिच्यावर?" ते म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं." मी म्हटले, "मग माझ्या ओट्याजवळची रिकामी जागा तरी विचाराला सांग की भरून दे." त्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मुलीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "आई, दुसरी घे ना एखादी." ती लांब राहते.

गेल्या आठवड्यात कळले की खुर्चीला काचेची पेटी होणार, आणि पाय चौथऱ्याला बोल्ट मारून पक्के करणार. एका बाजूला कलते, ते बरे दिसत नाही म्हणून आखूड पायाचा वॉशर काढून तिथे लोखंडी तुकडा बसवणार. हे मला मंडळाच्या छापील पत्रकातून कळले. बोल्ट मारल्यावर खुर्ची मोडल्याशिवाय निघणार नाही एवढे मला समजते. म्हणून मी आज सकाळी गेले.

खोली नुकतीच उघडली होती, आत कुणी वाचक नव्हते. झाडूवाल्या बाईंनी मला पाहिले, म्हणाल्या, "टीचर, गालिच्यावर चपला?" मी म्हटले, "हो." दोरी काढून खिडकीच्या कडीला अडकवली. दिवा विझवला, वीज फुकट जात होती. पाटी चौथऱ्यावर होती, ती तिथेच ठेवली. खुर्ची ओढत दाराबाहेर जिन्यापर्यंत मी एकटीने आणली. फादर खाली थांबले होते, त्यांना मीच बोलावले होते, कारण जिना माझ्याने एकटीने झाला नसता. ते वर आले. ठरावाप्रमाणे त्यांनी खोलीत पाऊल टाकले नाही, हे नोंदवावे. आम्ही दोघांनी खुर्ची धरली. जिना वळतो तिथे सपाट जागा आहे. तिथे फादरांना धाप लागली. मी म्हटले, "बसा जरा." आणि बसायला तिथे एकच वस्तू होती.

ते बसले. हात दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर ठेवले. मग म्हणाले, "पाठीत अजून तिथंच टोचते गं." मी म्हटले, "गलबत परत केलं, फादर." ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

याच वेळी चिटणीस जिना चढून आले. बरोबर पेटीचे माप घ्यायला आलेला काचवाला होता, आणि मंडळाचे आणखी एक सभासद. चिटणीस पायरीवर थांबले. पांढरा झगा, खाली ती खुर्ची. त्यांचा चेहरा मी वर्णन करत नाही, ते काम जबाबाचे नाही. काचवाल्याने टेप काढली आणि विचारले, "आजोबांसकट माप घ्यायचं का?"

चिटणीस ओरडले, "उठवा त्यांना! सरांच्या आसनावर हा माणूस!" मी म्हटले, "अरे, हळू बोल, धाप लागली आहे त्यांना." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आसन विटाळलंत." हा शब्द त्यांनी वापरला. मी त्यांना पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा उच्चारला. काचवाला आणि झाडूवाल्या बाई दोघेही साक्षीला आहेत. जन्मभर कुठल्याही घरात हा शब्द ऐकला की यजमान उठून चालू लागत, मग ताट अर्धे असो. चिटणिसांनी स्वतः त्यांना असे उठताना पाहिले आहे. त्या दिवशी तेही मागोमाग उठले होते.

फादर भिंतीला धरून उभे राहिले. त्या सभासदाने वरून बादली आणि फिनेल आणले आणि फादर बसले होते ती जागा, मग हात ठेवले ते दांडे, मग पाठ, असे सगळे पुसून काढले. फादर तिथेच उभे होते. मी विचारले, "हे काय चाललंय?" चिटणीस म्हणाले, "निर्जंतुकीकरण." फादर मला म्हणाले, "चल मुली, जाऊ या." मी गेले नाही. वेताचे पॉलिश फिनेलने पांढरे पडले आहे, ते ठाण्यात समोरच आहे, पाहावे. मेणाचा वास तिला इतकी वर्षे होता. तो आता येत नाही.

पुढे चिटणिसांनी ठाण्यात फोन केला, गाडी आली, खुर्ची गाडीत घातली, आम्हाला मागून चालत यायला सांगितले. फादरांना चालवत नव्हते, म्हणून काचवाल्याने त्यांना आपल्या टेम्पोत बसवले. 

अर्ज मला वाचून दाखवला. त्यात चोरी आहे, आणि मंडळाच्या सभासदांच्या भावना दुखावल्याचे आहे. मी ठाणे अंमलदारांसमोर चिटणिसांना विचारले, "भावना म्हणजे नक्की कुठली रे? तुमच्या पत्रकात तर लिहिता की आम्ही पुराव्यावर चालतो." ते म्हणाले, "आदर ही श्रद्धा नव्हे, वहिनी." मी म्हटले, "मग वास घेऊन बघ." यावर हवालदार हसले. हसल्याची नोंद घेऊ नये असे त्यांनी सांगितले, मी म्हटले घ्यावी.

ठाणे अंमलदारांनी मालकीचा पुरावा मागितला. चिटणीस म्हणाले, चार वर्षे ती मंडळाच्या ताब्यात आहे, मंडळाची पाटी आहे, गावातला प्रत्येक विचारी माणूस ओळखतो. मी म्हटले, "ओळखतात ना? मग ती उलटी करा. तळाला काय आहे ते आधी यांनी सांगावं, मग मी सांगते." चिटणिसांनी सांगितले, "तळाला काही नाही." चार वर्षे तिच्यासमोर दर रविवारी उभे राहून एकालाही तिच्याखाली बघावेसे वाटले नाही. चिकित्सेची पहिली पायरी यांनी गालिच्याखाली घातली असावी.

मी सांगितले की, तळाच्या आडव्या पट्टीवर तापल्या लोखंडाने डागलेला क्रूस आहे, करंगळीएवढा, एक हात किंचित तिरका. प्रार्थनाघराच्या सगळ्या सामानावर तो होता. आणि मागच्या डाव्या पायाला नळाचा वॉशर आहे.

हवालदारांनी आणि शिपायाने खुर्ची टेबलावर उलटी केली. क्रूस होता. वॉशर होता. फादर दारातून पाहत होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली, चिटणिसांना अवघड वाटू नये म्हणून असावे. चार वर्षे ज्याच्यापुढे चपला काढून उभे राहिलो ते पापनिवेदनाचे आसन आहे हे त्यांना तेव्हा कळले; पापं ऐकल्याचे यजमानांचे बोलणे ते थट्टाच समजत आले होते. ते जवळ आले, चष्मा वर केला, पट्टीवर नखाने घासून पाहिले. मग हळूच मला म्हणाले, "वहिनी, हे... हे खरवडता येईल. कुणाला कळणार नाही."

मला आजच्या दिवसात राग आला तो इथे. चोर म्हटल्याचा नाही. त्यांना मी इतकेच म्हटले, "त्यांनी नाही खरवडलं. त्यांना भीती नव्हती वाटत." जुन्या सवयीने त्यांनी माझी पिशवी खाली पडलेली उचलून दिली. त्यासाठी वाकले.

हवालदार मध्ये म्हणाले की देव काढला आणि देव्हारा ठेवला असे झाले की हो हे. हे वाक्य त्यांचे आहे, माझ्या नावावर घालू नये. पुढेमागे त्याचे वचन झाले तर मला निस्तरायला नको.

माझे मागणे इतकेच आहे की खुर्ची मला द्यावी. चिटणिसांवर, सभासदावर किंवा फिनेलवर माझी काही तक्रार नाही. मी माफी मागणार नाही. फादरांचे नाव अर्जातून काढावे, ते माझ्या बोलावण्यावरून आले होते आणि दमले म्हणून बसले होते. दमलेल्या माणसाने बसणे हा कुठल्याच धर्मात किंवा धर्माबाहेर गुन्हा नाही. मोकळी खोली नगरपालिकेची आहे. तिथे मी पुढेही जाणार आहे आणि माळ्यावरचे बुद्धिबळाचे पट खाली काढणार आहे. मला अडवायचे असेल तर नवा अर्ज करावा लागेल, हे चिटणिसांना आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे शाई वाळायच्या आत लिहिता येईल.

ठाणे अंमलदारांनी मालकी पटल्याचे सांगून खुर्ची माझ्या ताब्यात दिली, ती मिळाली. काचवाला टेम्पोतून घरापर्यंत सोडतो म्हणाला आहे. फादर जिना चढायला येणार आहेत. त्यांना मी सांगितले आहे की वर आल्यावर तिच्यावर तेच बसतील आणि मी लसूण सोलायला देईन, कारण वाटाणे अजून बाजारात आलेले नाहीत.

हा जबाब हवालदारांनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे आणि खरा आहे. वाचन होत असताना मी सदर खुर्चीवर बसून होते. चिटणिसांना बाक दाखवला होता, ते बसले नाहीत, शेवटपर्यंत माझ्यासमोर उभे राहिले. सवय झाली आहे त्यांना.